ताऱ्यांच्या रेषा आणि फिल्म कॅमेरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी निवडलेले सर्व प्रश्न एकाच विषयाचे आहेत : रात्री कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवून ताऱ्यांच्या भ्रमणाच्या रेषा फिल्मवर टिपणे. डिजिटल कॅमेऱ्याने शेकडो छोटी एक्स्पोजर (प्रकाश आत येऊ देण्याचे टप्पे) घेऊन ती संगणकावर जोडण्याची पद्धत आता रुळली आहे. तरीही हे काम एकाच फ्रेमवर, एकाच एक्स्पोजरमध्ये करू पाहणारे वाचक बरेच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : मी ५० मिमी लेन्स एफ/२ वर ठेवून, आयएसओ ४०० च्या रंगीत निगेटिव्ह फिल्मवर दीड तासाचे एक्स्पोजर दिले. प्रिंटमध्ये आकाश मळकट तपकिरी आले आणि ताऱ्यांच्या रेषा फिक्या दिसल्या. पुढच्या खेपेस तीन तास दिल्यास रेषा अधिक उजळ येतील का?

उत्तर : येणार नाहीत, उलट त्या आणखी फिक्या दिसतील. या प्रकारच्या छायाचित्रणात सर्वाधिक गोंधळ याच मुद्द्यावर होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दिवसाच्या छायाचित्रात एक्स्पोजरचा वेळ दुप्पट केला की चित्रातील प्रत्येक वस्तू दुप्पट प्रकाश देते, कारण वस्तूची प्रतिमा फिल्मवर एकाच जागी स्थिर असते. ताऱ्याची प्रतिमा स्थिर नसते. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पुरी करते, म्हणजे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकते. ५० मिमी लेन्समधून पाहिल्यास खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याची प्रतिमा फिल्मवर तासाला सुमारे १३ मिमी, म्हणजेच सेकंदाला मिलिमीटरच्या जेमतेम साडेतीन सहस्रांशाने पुढे जाते. फिल्मवर ताऱ्याचा ठिपका मिलिमीटरच्या तीन शतांशाइतका रुंद पडतो असे धरले, तर फिल्मच्या कोणत्याही एका बिंदूवर तो तारा फक्त आठ-नऊ सेकंद राहतो आणि पुढे निघून जातो. आपण शटर दीड तास उघडे ठेवले काय किंवा तीन तास ठेवले काय, त्या बिंदूला मिळालेला ताऱ्याचा प्रकाश आठ-नऊ सेकंदांचाच असतो. कागदावर ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघेचा गडदपणा जसा हाताच्या दाबावर ठरतो, रेघ किती लांब ओढली यावर ठरत नाही, तसेच हे आहे.

आकाशाची गोष्ट वेगळी. आकाशाचा मंद उजेड, मग तो दूरच्या दिव्यांचा असो, चंद्राचा असो वा वातावरणाचा स्वतःचा असो, फिल्मच्या प्रत्येक बिंदूवर पूर्ण वेळ साठत राहतो. त्यामुळे वेळ वाढवल्याने रेषा लांबते आणि पार्श्वभूमी उजळते. रेषेची उजळी आहे तेवढीच राहते. आपल्या चित्रात नेमके हेच झाले आहे.

आता अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफ/ चा आकडा वाढला की ते लहान होते) आणि फिल्मचा वेग (आयएसओचा आकडा) यांचे काय? ताऱ्याच्या रेषेची उजळी या दोन गोष्टींवर अवलंबून असते हे खरे, पण आकाशाची उजळीही त्यांच्यावर त्याच प्रमाणात अवलंबून असते. एफ/२ ऐवजी एफ/४ आणि आयएसओ ४०० ऐवजी १०० घेतले, की तारा आणि आकाश दोन्ही चार स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे सोळा पटीने मंद होतात. त्यांच्यातील गुणोत्तर बदलत नाही. तरीही मी आपल्याला हाच बदल सुचवेन, कारण सोळा पटीने मंद झालेले आकाश फिल्मच्या संवेदनशीलतेच्या तळाशी जाऊन जवळजवळ काळे उतरते, आणि तेजस्वी ताऱ्यांच्या रेषा मात्र फिल्मच्या नीट नोंद घेणाऱ्या पट्ट्यात राहतात. मंद तारे यात गमावले जातात. माझ्या मते ते बरेच आहे. हजारो रेषांनी खरवडल्यासारख्या दिसणाऱ्या आकाशापेक्षा शे-दोनशे स्पष्ट रेषांचे आकाश डोळ्याला अधिक समजते.

गुणोत्तरच बदलायचे असेल, तर एक तर एक्स्पोजरचा वेळ कमी करावा किंवा अधिक अंधाऱ्या जागी जावे. अंधार मोजण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेली नऊ पायऱ्यांची श्रेणी वापरली जाते. पहिली पायरी सर्वांत काळोखी, नववी शहराच्या मध्यभागाची. पहिल्या तीन-चार पायऱ्यांच्या आकाशाखाली आयएसओ १०० आणि एफ/४ वर एक तास सहज देता येतो. शहराजवळ तेच आकाश काही मिनिटांत पांढुरके पडते आणि त्यावर कोणतीही फिल्म उपाय करू शकत नाही.

प्रश्न : कोडॅकच्या ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मच्या माहितीपत्रकात १०० सेकंदांच्या एक्स्पोजरसाठी प्रत्यक्षात १२०० सेकंद द्यावेत असे म्हटले आहे. या हिशेबाने एका तासाच्या तारारेषांसाठी बारा तास लागतील. हे कसे शक्य आहे?

उत्तर : आपण वाचलेला आकडा बरोबर आहे, परंतु तो इथे तसाच लावायचा नसतो.

प्रकाश निम्मा आणि वेळ दुप्पट केल्यास परिणाम तोच राहतो, हा नियम फार मंद प्रकाशात मोडतो. फिल्ममधील सिल्व्हर हॅलाइडच्या कणावर प्रतिमा रुजण्यासाठी थोड्या वेळात काही प्रकाशकण लागोपाठ पडावे लागतात. ते फार विरळ पडले तर आधीच्या प्रकाशकणाचे काम पुढचा येईपर्यंत विरून जाते. कृष्णविवराच्या त्रिज्येला ज्यांचे नाव आहे, त्याच कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९०० च्या सुमारास ताऱ्यांच्या छायाचित्रांवरूनच या त्रुटीचा अभ्यास केला होता. कोडॅकच्या तक्त्यानुसार ट्राय-एक्सवर १ सेकंदाचे २, १० चे ५० आणि १०० चे १२०० सेकंद होतात. इलफर्ड आपल्या फिल्मसाठी घातांकाचे सूत्र देते; एचपी-५ प्लससाठी घातांक १.३१ आहे, म्हणून मीटरने (प्रकाशमापकाने) १०० सेकंद सांगितल्यास सुमारे ४१७ सेकंद द्यावे लागतात. एफपी-४ प्लसचा घातांक १.२६ असल्याने तेच काम सुमारे ३३० सेकंदांत होते. फुजीची अ‍ॅक्रॉस या बाबतीत अपवादात्मक आहे : १२० सेकंदांपर्यंत तिला दुरुस्तीच लागत नाही आणि त्यापुढे १००० सेकंदांपर्यंत फक्त अर्धा स्टॉप.

हे सर्व तक्ते स्थिर वस्तूंसाठी आहेत. तारा एका बिंदूवर आठ-दहा सेकंदच थांबतो, त्यामुळे त्याला बसणारा फटका सेकंदांच्या हिशेबातला असतो. आकाशाच्या पार्श्वभूमीला मात्र तो पूर्ण तासाचा बसतो. म्हणजे ही त्रुटी आपल्या कामाची आहे. ती पार्श्वभूमी दाबून धरते आणि तेजस्वी रेषांना त्या मानाने सोडून देते. डिजिटल सेन्सरवर ही सवलत मिळत नाही. तिथे आकाशाचा उजेड वेळेच्या सरळ प्रमाणात साठतो आणि वर सेन्सर तापून येणारे ठिपके वेगळेच. लांबलचक एकसंध एक्स्पोजर फिल्मवर अजून घेतले जाते, त्यामागे हे एक ठोस कारण आहे.

एक सावधगिरी. वेगवान फिल्म घेतली म्हणून तिच्या वेगाइतका लाभ होईलच असे नाही. त्रुटी तीव्र असलेली ४०० ची फिल्म आठ-दहा सेकंदांतच आपला बराच वेग गमावते आणि मंद ताऱ्यांच्या बाबतीत अधिक गमावते. त्यामुळे त्रुटी कमी असलेली १०० ची फिल्म त्या ४०० च्या फिल्मच्या अपेक्षेहून पुष्कळ जवळ येते, आणि तिचे दाणेही बारीक असतात.

प्रश्न : अंधारात कॅमेऱ्याचा मीटर काहीच दाखवत नाही. एक्स्पोजर ठरवावे कसे? चांदण्यात वेगळा हिशेब करावा लागतो का?

उत्तर : जवळ कोणताही डिजिटल कॅमेरा असेल तर त्याला मीटर म्हणून वापरावे. तो आयएसओ ६४०० वर, फिल्म कॅमेऱ्यासाठी ठरवलेल्याच अ‍ॅपर्चरवर ठेवून ३० सेकंदांचे चित्र घ्यावे. त्यात आकाश आपल्याला हवे तितके गडद दिसले, तर आयएसओ १०० च्या फिल्मला त्याच्या ६४ पट, म्हणजे ३२ मिनिटे द्यावीत. पडद्यावर आकाश फार उजळ दिसले तर १५ सेकंदांवर पुन्हा पाहावे. फिल्मचा वेळ १६ मिनिटांवर येईल. मागच्या उत्तरात सांगितलेल्या त्रुटीमुळे फिल्मवरचे आकाश या अंदाजाहून थोडे अधिक गडदच उतरेल, म्हणून वेगळी दुरुस्ती करण्याची गरज नाही. डिजिटल कॅमेरा नसेल तर एकाच रात्री १०, २० आणि ४० मिनिटांची तीन चित्रे घ्यावीत आणि वेळांची नोंद ठेवावी. त्या जागेपुरता आपला स्वतःचा तक्ता तयार होतो आणि तो छापील तक्त्यांपेक्षा भरवशाचा असतो.

चांदण्याचा हिशेब सोपा आहे. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडाचा सुमारे चार लाखावा भाग असतो. भर उन्हात आयएसओ १०० वर एफ/१६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग हे नेहमीचे एक्स्पोजर धरले, तर पौर्णिमेच्या रात्री एफ/४ वर साधारण चार मिनिटांत जमीन दिवसासारखी उजळते. चार मिनिटांत तारा फक्त एक अंश सरकतो. रेषा लांब हवी म्हणून अ‍ॅपर्चर लहान करावे, तर तारेही मंद होतात. म्हणून पूर्ण चंद्र टाळावा. शुक्ल पक्षातील चौथ-पंचमीची कोर मात्र उपयोगी पडते : ती पहिले काही तास समोरच्या डोंगराला किंवा इमारतीला हलका उजेड देते आणि मग मावळून आकाश काळे सोडते.

प्रश्न : माझा कॅमेरा बॅटरीवर चालणारा आहे. ‘बी’ वर (बटण दाबून धरले असेतो शटर उघडे ठेवणाऱ्या खुणेवर) ठेवल्यास शटर तासभर उघडे राहील का?

उत्तर : अनेक इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांत शटर उघडे धरून ठेवण्याचे काम विद्युतचुंबक करतो आणि तो संपूर्ण वेळ बॅटरी खात राहतो, थंडीत तर ती मधेच मान टाकते. नवी बॅटरी घालून, फिल्म न भरता एकदा घरी तासभर शटर उघडे ठेवून पाहावे. पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम-२ किंवा ऑलिंपस ओएम-१ यांसारख्या यांत्रिक कॅमेऱ्यांत बॅटरी केवळ मीटरसाठी असते, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. कोणताही कॅमेरा असला तरी केबल रिलीज (शटरचे बटण दुरून दाबण्याची तार) स्क्रूने अडकवता येणारी घ्यावी, आणि तो स्क्रू हळूहळू सैल होत नाही ना, हेही घरीच तपासावे.

प्रश्न : मला ध्रुवाभोवतीची वर्तुळे हवी होती, पण चित्रात काही रेषा वरच्या बाजूला वाकल्या, काही खालच्या बाजूला आणि मधल्या सरळ आल्या. कॅमेरा हलला असेल का?

उत्तर : कॅमेरा हलला नाही, तो खगोलीय विषुववृत्ताकडे वळलेला होता. विषुववृत्ताच्या उत्तरेकडील तारे उत्तर ध्रुवबिंदूभोवती फिरतात आणि दक्षिणेकडील दक्षिण ध्रुवबिंदूभोवती, म्हणून त्यांच्या रेषा परस्परविरुद्ध बाजूंना वाकतात आणि विषुववृत्तावरचे तारे सरळ जातात. मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा तारा जवळजवळ नेमका या रेषेवर आहे. चित्रात बाण आला असेल तर त्याची रेषा पट्टीने आखल्यासारखी दिसेल. रचना म्हणून हे चित्र वर्तुळांच्या चित्राहून कमी प्रतीचे नाही, असे मला वाटते. वर्तुळे सर्वांनीच पाहिलेली असतात.

वर्तुळेच हवी असतील तर उत्तर गोलार्धात ध्रुव तारा शोधावा. सप्तर्षींतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे साधारण पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो. क्षितिजापासून त्याची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकीच असते, त्यामुळे कोणती लेन्स लागेल हे जाण्यापूर्वीच ठरवता येते. ३५ मिमी फिल्मवर ५० मिमी लेन्स सुमारे ४० अंश रुंद आणि २७ अंश उंच भाग टिपते, तर २८ मिमी लेन्स ६५ अंश आणि ४६ अंश. ध्रुव २० अंशांवर असेल तर जमीन आणि ध्रुव दोन्ही ५० मिमीच्या आडव्या फ्रेममध्ये कसेबसे बसतात. ४० अंशांवर असेल तर २८ मिमी लागतेच.

ध्रुव तारा स्वतः ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश दूर आहे, म्हणून लांब एक्स्पोजरमध्ये तोही ठिपका न राहता आखूड, जाडसर चाप होतो. तो दोष समजू नये. ध्रुवाजवळचे तारे फिल्मवर अधिक सावकाश सरकत असल्याने तिथे मंद ताऱ्यांच्याही रेषा उमटतात, आणि मध्यभाग दाट दिसतो त्याचे कारण हेच. दक्षिण गोलार्धात असा तेजस्वी खुणेचा तारा नाही; तिथला ध्रुवाजवळचा तारा, सिग्मा ऑक्टँटिस, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका मंद आहे, त्यामुळे होकायंत्राने दिशा आणि अक्षांशाने उंची ठरवणे सोयीचे.

रेषा किती लांब हव्यात हेही आधी ठरवावे. एका तासात वर्तुळाचा चोविसावा भाग, सहा तासांत पाव वर्तुळ. डोळ्याला वर्तुळाचा भास होण्यासाठी दीड-दोन तास पुरतात, कारण शेजारच्या रेषा एकमेकींत अडकून पूर्ण चक्राचा आभास उभा करतात.

प्रश्न : रेषा सुरुवातीला नीट आहेत, पण काही मिनिटांनंतर सर्व रेषांना एकाच जागी बारीकसा वळसा पडला आहे. ट्रायपॉड भक्कम होता, वारा नव्हता.

उत्तर : दोन शक्यता आहेत. ट्रायपॉडचे पाय मऊ मातीत हळूहळू खचले असतील तर रेषा सावकाश वाहत जातात आणि समोरची जमीनही दुहेरी किंवा पुसट दिसते. जमीन स्वच्छ असून फक्त रेषांनाच, आणि तेही एकदमच, वळसा पडला असेल, तर बहुधा फिल्म हलली आहे. उबदार खोलीतून किंवा गाडीतून काढलेला कॅमेरा थंड, दमट हवेत ठेवला, की फिल्म ओलावा शोषते, थोडी फुगते आणि गेटमध्ये (शटरमागच्या चौकटीत) अचानक आपली जागा बदलते. त्या वेळी काळोख्या जमिनीवर विशेष काही नोंदले जात नसल्यामुळे जमिनीवर खूण दिसत नाही. रेषा मात्र त्या क्षणाची साक्ष देतात. १२० च्या रुंद फिल्मवर हे अधिक घडते. उपाय असा की कॅमेरा झाकण लावून अर्धा तास बाहेर थंड होऊ द्यावा, त्यानंतर फिल्म पुढची फ्रेम घेऊन ताणून घ्यावी, आणि मगच एक्स्पोजर सुरू करावे.

सुरुवातीचा धक्का टाळण्यासाठी लेन्ससमोर काळा पुठ्ठा, लेन्सला न लावता, धरून शटर उघडावे, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग पुठ्ठा बाजूला घ्यावा. बंद करतानाही आधी पुठ्ठा, मग शटर.

प्रश्न : तासाभरानंतर लेन्सवर दव जमते. कापडाने पुसावे का?

उत्तर : एक्स्पोजर चालू असताना मुळीच पुसू नये. निरभ्र रात्री लेन्सची काच आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते, म्हणून तिच्यावर दव आधी बसते. लांब हूड लावल्यास काचेला दिसणारे आकाश कमी होते आणि दव उशिरा येते. हात शेकण्यासाठी मिळणारी रासायनिक पुडी रबरबँडने लेन्सच्या कडेला बांधावी. काच फक्त हवेहून किंचित उबदार राहायला हवी. बांधताना फोकसचे कडे फिरणार नाही याची काळजी घ्यावी. जुन्या मॅन्युअल लेन्सचे कडे अनंताच्या खुणेवर अडते, ते सोयीचे. ऑटोफोकस लेन्स बहुधा अनंताच्याही पुढे फिरते, म्हणून दिवसा दूरच्या वस्तूवर फोकस करून कडे चिकटपट्टीने पक्के करावे.

प्रश्न : विमाने आली तर काय करावे?

उत्तर : पुठ्ठा घेऊन तयार राहावे. विमान फ्रेममध्ये शिरण्यापूर्वी लेन्स झाकावी आणि बाहेर पडल्यावर उघडावी. ५० मिमी लेन्सवर दहा सेकंदांत तारा मिलिमीटरच्या चार शतांशांहूनही कमी सरकतो, म्हणजे रेषेत पडणारी खिंड ताऱ्याच्या ठिपक्याएवढीच असते आणि सहसा दिसत नाही. अर्धा मिनिट झाकून ठेवल्यास मात्र ती दिसू लागते. उपग्रह संध्याकाळी आणि पहाटे जास्त दिसतात, कारण त्या वेळी जमिनीवर रात्र असली तरी त्यांच्यावर ऊन असते. मध्यरात्रीच्या आसपासचा काळ त्या मानाने मोकळा असतो.

प्रश्न : ताऱ्यांना रंग असतात म्हणतात. माझ्या स्लाइडवर सर्व रेषा पांढऱ्या आल्या आहेत.

उत्तर : रंग असतात, आणि रेषांच्या छायाचित्रांत ते डोळ्यांपेक्षा चांगले दिसतात, कारण मंद उजेडात आपला डोळा रंग ओळखण्याचे काम जवळजवळ सोडून देतो, फिल्म ते सोडत नाही. पण तेजस्वी ताऱ्याचा बारीक ठिपका फिल्मचे तिन्ही थर भरून टाकतो आणि तीन थर भरले की उरते ते पांढरे. अ‍ॅपर्चर एक स्टॉप लहान केल्यास मध्यम तेजाच्या ताऱ्यांचे रंग परत येतात. दुसरा उपाय म्हणजे फोकस अगदी किंचित ढिला ठेवणे, म्हणजे तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेतील डेव्हिड मॅलिन यांनी हीच युक्ती पुढे नेऊन मृग नक्षत्राचे चित्र घेतले होते : तारे सरकत असताना त्यांनी फोकस टप्प्याटप्प्याने बिघडवत नेला, त्यामुळे प्रत्येक रेषा रुंदावत गेली आणि एरवी पांढऱ्या दिसणाऱ्या ताऱ्यांचे रंग उघड झाले. मृगातील काक्षीचा (बीटलज्यूस) नारिंगी आणि राजन्याचा (रायजेल) निळसर रंग शेजारी शेजारी पाहायचे असतील तर हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

फिल्मची निवडही महत्त्वाची. फुजीच्या स्लाइड फिल्मपैकी प्रोव्हिया १००-एफ ला १२८ सेकंदांपर्यंत दुरुस्ती लागत नाही आणि लांब एक्स्पोजरमध्येही तिचे रंग फारसे ढळत नाहीत. व्हेल्व्हिया ५० काही सेकंदांतच दुरुस्ती मागू लागते आणि तिचा रंगतोल ढळतो; दिवसाच्या निसर्गचित्रांत ती कितीही लाडकी असली तरी या कामासाठी मी ती सुचवणार नाही.

प्रश्न : समोरचे झाड किंवा इमारत निव्वळ काळी आकृती म्हणून येते. तिला थोडा तपशील कसा द्यावा?

उत्तर : काळी आकृती वाईट नसते, ती सुरेख असेल तर तशीच राहू द्यावी. तपशील हवाच असेल तर हातातल्या बॅटरीच्या (टॉर्चच्या) उजेडाने रंगवण्याचा मार्ग सर्वांना माहीत आहे. तो कॅमेऱ्याच्या बाजूने न टाकता आडव्या दिशेने टाकावा, नाहीतर खोडाची खडबड सपाट होते. मला दुसरी पद्धत अधिक पसंत आहे. सूर्यास्तानंतर, संधिप्रकाशात, शटर ‘बी’ वर अडकवून जमिनीसाठी एफ/११ किंवा एफ/१६ वर काही सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे, मीटरच्या सांगण्यापेक्षा दोन स्टॉप कमी. मग शटर बंद न करता लेन्सचे झाकण लावावे, वरून जाड काळे कापड टाकावे, आणि आकाश पूर्ण काळे होईपर्यंत साधारण दीड तास थांबावे. त्यानंतर अलगद अ‍ॅपर्चर एफ/४ करून झाकण काढावे आणि ताऱ्यांचे एक्स्पोजर सुरू करावे. फिल्म पुढे सरकलेली नसल्यामुळे दोन्ही प्रतिमा नेमक्या जुळतात. फक्त या सर्व काळात ट्रायपॉडला कोणाचा पाय लागता कामा नये, आणि अ‍ॅपर्चरचे कडे फिरवताना कॅमेरा दुसऱ्या हाताने दाबून धरू नये, कारण त्यानेच तो हलतो. आकाशाचा संधिप्रकाश दोन स्टॉप कमी ठेवण्याचे कारण असे की तो नंतरच्या काळ्या आकाशावर कायमचा बसतो.

प्रश्न : प्रयोगशाळेने माझ्या रोलमधील दोन चित्रे मधोमध कापली आणि एका चित्राचा प्रिंट राखाडी काढला. त्यांना काय सांगावे?

उत्तर : रात्रीच्या निगेटिव्हवर फ्रेमची कड दिसत नाही, त्यामुळे कापणाऱ्याला फ्रेम कुठे सुरू होते हे कळण्याचा मार्ग राहत नाही. रोलची पहिली फ्रेम भर उजेडात, एखाद्या साध्या दृश्याची घ्यावी. तिच्यापासून मोजून बाकीच्या फ्रेम सापडतात. शिवाय पाकिटावर ‘कापू नये, अखंड पट्टी परत द्यावी’ असे ठळक लिहावे आणि कापण्याचे काम स्वतः करावे. राखाडी प्रिंटचे कारण यंत्र आहे : चित्रातील सरासरी उजेड मध्यम असावा अशी त्याची समजूत असते, आणि जवळजवळ संपूर्ण काळी फ्रेम दिसली की ते तिला उजळ करते. ‘दुरुस्ती न करता, आकाश काळे ठेवून’ प्रिंट काढण्यास सांगावे. स्कॅन करून घेत असल्यास आपोआप उजळी ठरवण्याची सोय बंद करण्यास सांगावे आणि धूळ काढण्याची स्वयंचलित सोयही बंद ठेवावी, कारण काही यंत्रे मंद ताऱ्यांचे आखूड चाप ओरखडे समजून पुसून टाकतात.